टेबलावरचं मीटर

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलेल्या मीटरमधला वेगाचा काटा हलला, तेव्हा मी आधी फ्रिजकडे पाहिलं. आमचा जुना फ्रिज सुरू होताना धडधडतो, त्याने टेबल हादरलं असेल असं वाटलं. मी तशीही दचकणारी. दूध उतू गेलं तरी माझ्या तोंडून किंकाळी निघते. म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

पण फ्रिज गप्प होता. आणि काटा वीसवर जाऊन थांबला होता.

ते मीटर कशालाच जोडलेलं नव्हतं. हे आधीच नीट सांगते, कारण नंतर ज्याने त्याने मला पहिलं हेच विचारलं.

गुरुवारची रात्र होती. जेवणं आटोपल्यावर दादा आपल्या व्हॅनचा डिझेलचा काटा दुरुस्त करायला बसला होता. टाकी भरलेली असो की कोरडी, तो काटा अर्ध्यावरच अडकलेला असायचा. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर स्टिअरिंगसमोरचं अख्खं मीटर बाहेर काढावं लागतं. दादाने चौकटीचे स्क्रू काढले, मागे हात घालून वेगाची केबल सोडवली, वायरींचे सॉकेट उपटले आणि मीटर ताटासारखं दोन्ही हातांत धरून घरात आणलं. वरची काच काढली. व्हॅनमध्ये त्या जागी नुसतं काळं भोक उरलं.

"नर्सबाई, चमचा द्या," दादा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या थाटात मला म्हणाला.

"आधी खूण कर ना. काटा उपटलास की शून्य नेमकं कुठे होतं ते कळणार नाही."

"कॉमर्सवाल्या बाईंनी आपले ताळेबंद बघावेत."

वहिनी खुर्चीत टेकून, पोटावर हात ठेवून हसत होती. "अहो, ऐका कधीतरी बहिणीचं. माझं तर ऐकतच नाही तुम्ही."

चमच्याच्या दांड्याने त्याने काटा उचकटला. तो टक्कन उडून बशीत पडला. मी हसले, आई हसली. वहिनीचं हसू मात्र मध्येच थांबलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

बाळंतपणाला अजून महिना बाकी होता.

फोन केला, तर रुग्णवाहिका यायला दीड तास लागेल म्हणाले. दादाने व्हॅनची मागची सीट आडवी पाडली, आई उशी घेऊन वहिनीजवळ बसली. मी मीटर उचलून दारापर्यंत धावले.

"अरे, हे?"

"त्याच्यावाचून चालते गाडी! तू फोन जवळ ठेव."

मोठा दवाखाना टेकडीच्या माथ्यावर आहे. शेवटचा रस्ता सगळा चढाचा, आजूबाजूला ना घर ना दिवा. टाकीत डिझेल किती होतं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी मीटर पुन्हा टेबलावर ठेवलं, आणि समोर बसले. मग तो काटा हलला.

वीस. तीस. मग सावकाश खाली, पाच. पुन्हा वर. आमच्या कोपऱ्यावर गतिरोधक आहे. त्यापुढे शाळेपाशी दुसरा. काटा पुन्हा खाली आला, पुन्हा चढला... आणि मी काय बघतेय ते मला कळलं.

मी उठून उभी राहिले. मीटरखाली हात घातला. वायर नाही, काही नाही. प्लास्टिक मात्र कोमट लागलं.

थोड्या वेळाने इंजिनाच्या उष्णतेचा काटा उठला. चढ लागला असणार. तो मधल्या खुणेपाशी थांबायला हवा होता. थांबला नाही. लाल पट्ट्याच्या कडेला येऊन टेकला.

दादाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आईला लावला. तेच. चढाच्या पायथ्याशी मामा राहतो. त्याने लगेच उचलला.

"मामा, डिझेल आणि पाणी घेऊन वर जा. दादाची गाडी बंद पडणार आहे."

"फोन आला होता का त्याचा?"

"नाही. मीटर दाखवतंय."

"कुठलं मीटर?"

"व्हॅनचं. इथे... टेबलावर आहे."

मामाने आवाज खाली आणला.

"बाळा, पाणी पी आणि पडून राहा. पोचले असतील ते."

"मामा, तुझ्या पाया पडते..."

त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

बशीतला डिझेलचा काटा मी चिमटीत धरला. खूण नव्हतीच. अंदाजाने तो मीटरमधल्या त्याच्या दांडीवर बसवायला गेले, तोच तो माझ्या बोटांतून ओढला गेला. मी दाबलाही नव्हता. सरळ खाली. रिकाम्या टाकीच्याही खाली.

मी म्हटलं, मी चुकीचा बसवला. खूणच नाही, तर कसं कळणार? मी चुकीचाच बसवला...

वेगाचा काटा उतरू लागला. पंचवीस. पंधरा. आठ.

शून्य.

घरात कसलाच आवाज नव्हता. वहिनी तिथे अंधारात आडवी असेल. आई तिचा हात धरून असेल. दादा बॉनेट उघडून उभा असेल, आणि पुढे सगळा चढ.

मी फोन स्पीकरवर टाकला. दादाला पुन्हा लावला. पुन्हा. उष्णतेचा काटा हळूहळू खाली चालला होता. इंजिन गार पडत होतं.

"चल ना," मी मीटरला म्हटलं. "चल गं बाई..."

काय करतेय ते कळायच्या आत मी वेगाच्या काट्याखाली बोट घातलं आणि तो वर ढकलला.

एवढासा प्लास्टिकचा काटा. पण तो जड होता. दगड ढकलावा तसा. मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पाच... दहा... पंधरा. वीसवर धरून ठेवलं. जरा सैल सोडलं की तो मागे जायला बघायचा. मागे म्हणजे उताराला. मागे म्हणजे...

सोडायचं नाही.

नखाखाली रक्त आलं. आता रिंग जायची, पण फोन वाजून वाजून कट व्हायचा. कोपराने पुन्हा लावायचा. किती वेळ गेला, ठाऊक नाही. काटा वीसवर. उष्णतेचा काटा तळाला. गार.

मग फोनची रिंग थांबली.

"हॅलो..."

दादा होता. आवाज ओळखू येत नव्हता.

"दादा! कुठे आहात?"

"अगं... गाडी बंद आहे. केव्हाची बंद आहे. आणि चढावर चालतेय. ढकलायला मागे कोणी नाही... मी दोनदा वळून पाहिलं." मागून वहिनीचं कण्हणं ऐकू आलं. आईचा आवाज, आलं हं, आलंच. "दवाखान्याचे दिवे दिसताहेत. पण ही थांबत नाहीये. ब्रेकवर उभा आहे मी, तरी थांबत नाहीये गं!"

मी माझ्या बोटाकडे पाहिलं.

"दादा," मी म्हटलं, "दार आलं की सांग."