डब्यातले चार स्क्रू

ताई ऑपरेशन थिएटरच्या नर्स. त्यांची मोजणी झाल्याशिवाय तिथं पान हलत नसे. स्क्रूंच्या स्टीलच्या डब्यात साठ भोकं, साठ स्क्रू. ऑपरेशनच्या आधी एकदा मोजायचे, नंतर पुन्हा. पेशंटच्या हाडात किती गेले, डब्यात किती उरले, सव्वीस वर्षांत एकदाही चूक नाही. वर त्यांची आणखी एक सवय होती. शेवटचा स्क्रू बसला की ताई म्हणणार, "बाजूनं बघा." एक्स-रेचं मशीन आडवं फिरवून बाजूनं फोटो काढल्याशिवाय त्या डॉक्टरांच्या हातात टाक्यांचा दोरा देत नसत. तरुण डॉक्टर चिडवायचे, की ताईंना स्वर्गाचं दार उघडलं तरी त्या आधी बाजूनं बघतील.

आणि नेमक्या सख्ख्या बहिणीच्या वेळी त्या हे म्हणायला विसरल्या.

धाकटी नाच शिकवायची. क्लासमध्ये गिरकी दाखवताना पायरीवरून घसरली आणि डाव्या नडगीचं हाड मोडून बसली. लेकीचं लग्न तीन महिन्यांवर. मायलेकींनी त्या दिवशी जोडीनं नाचायचं, हे लेक सात वर्षांची असल्यापासून ठरलेलं. स्ट्रेचरवरून आत येताना बाई घामानं भिजली होती, पण पहिलं वाक्य काय, तर "ताई, पायाचं काय करायचं ते कर, लग्नाची तारीख तेवढी सांभाळ."

ऑपरेशनला तिला कमरेखाली बधिर केलं. जिभेला मात्र कोण बधिर करणार! पडद्याआडून बडबड चालूच. डॉक्टरांनी गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत रॉड सरकवला, वरच्या टोकाला दोन स्क्रू आडवे घातले. खालचे दोन अवघड असतात. हाडाच्या आत दडलेलं रॉडचं भोक बाहेरून साधावं लागतं. एक साधला. दुसरा फिरवताना धाकटीनं विचारलं, "डॉक्टर, सुतारकाम कुठं शिकलात? माझ्या कपाटाचं दारही लोंबतंय." सगळं थिएटर हसलं. ताईही हसल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच भरात त्यांनी दोरा डॉक्टरांच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ते दिसलं. शेवटचा स्क्रू रॉडच्या भोकातून न जाता पुढून निसटून गेला होता. डॉक्टरांनी सबबी सांगितल्या नाहीत. धाकटीच्या पलंगाशी बसून चूक आपली असल्याचं कबूल केलं. खालचा तुकडा सैल राहिलाय, सूज उतरली की दोन आठवड्यांनी पुन्हा उघडावं लागेल, तोवर पाय टेकायचा नाही. आणि नाच? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ताई म्हणाल्या, "अर्धी चूक माझी." धाकटीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला गप्प बसलेलं ताईंनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते काही त्यांना सोसवेना.

चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता धाकटी म्हणाली, "ताई, आतून कुणीतरी आवळतंय गं."

दुखत नव्हतं. बरणीचं झाकण थोडंसं फिरवावं तसं, एकदाच, पाव फेरा. ताईंनी गोळ्यांवर खापर फोडलं. पण पाचव्या दिवशी तीनला पुन्हा तेच, सहाव्या दिवशीही. धाकटीची कळी खुलली. तीन वाजत आले की ती शेजारच्या पलंगावरच्या आजींना सांगायची, आता गप्प बसा, माझे सुतार येतील. आजीही घड्याळाकडे बघत बसायच्या. सगळा वॉर्ड हसायचा.

एकदा तीनच्या ठोक्याला ताईंनी तिच्या नडगीवरच्या बँडेजवर तळवा ठेवला.

तळव्याखाली काहीतरी पाव फेरा फिरलं आणि थांबलं.

ताईंनी हात काढून घेतला. स्नायू उडाला असेल, त्या म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी डबा उघडला. धाकटीला चार स्क्रू लागले होते, म्हणजे डब्यात छप्पन्न. त्यानंतर डब्याला कुणाचा हात लागला नव्हता. ताईंनी मोजले. सत्तावन्न निघाले. पुन्हा मोजले, सत्तावन्नच. स्टोअरवाले शपथेवर सांगत होते, की नवा माल आलाच नाही.

सकाळी ऑपरेशनआधीचा फोटो काढला. पायात स्क्रू चारच होते. शेवटचा रॉडच्या भोकातून आरपार, ओळंब्यात. टाके जसेच्या तसे. डॉक्टरांनी तीनदा फोटो काढला, मग हळू आवाजात विचारलं, "ताई, मी बाजूनं बघितलं ना?"

"तीनदा," ताई म्हणाल्या.

ऑपरेशन रद्द झालं. धाकटीनं अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या आजी दचकून उठून बसल्या आणि काय झालं हे न कळताच टाळ्या वाजवू लागल्या. ताई तिच्या गळ्यात पडून रडल्या. सत्तावन्नाव्या स्क्रूबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मोजणीत सव्वीस वर्षं घालवलेल्या बाईनं एक आकडा गिळला, आणि तो सुखानं गिळला.

पुढं सगळं भराभर झालं. कुबड्या गेल्या, काठी गेली. तीनचा पाव फेरा रोज चालूच होता, म्हणे. लग्नात मायलेकी अशा नाचल्या, की वाजवणारे दमले. ताईंनाही ओढलं, आणि आपल्याला नाचता येतं हे त्यांना पन्नाशीत कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, तेव्हाही त्या गुणगुणत होत्या. नव्या पेशंटसाठी डबा उघडला.

साठ.

धाकटीची रिकामी भोकं ताईंनी आजवर भरून घेतली नव्हती, तरी चारही भरलेली. त्यांनी एक स्क्रू उचलला. कोमट होता. आट्यांमध्ये पांढरी भुकटी अडकलेली होती, हाडाला भोक पाडताना पडते तशी.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच होती, धापा टाकत हसणारी. पाहुणे जातच नाहीत, पुन्हा नाच सुरू झालाय म्हणाली. "आणि ऐक ना. काल तीनला कुणी आवळलंच नाही. झालं वाटतं काम."

फोटो काढायला बोलवावं, असं ताईंच्या ओठांवर आलं होतं.

"नाच तू," त्या म्हणाल्या.

धाकटीनं फोन न कापता तसाच बाजूला ठेवून दिला. तिकडून पावलांचा ठेका ऐकू येऊ लागला. ताईंनी स्क्रू जागेवर ठेवला. छप्पन्न स्क्रू डब्यात निपचित होते. चार मात्र धाकटीच्या ठेक्यावर, हलकेच, किणकिणत होते.