वरच्या मजल्याची चौकशी

हाजिमची आणि माझी पहिली भेट झाली ती त्याची टोपली माझ्या डोक्यावर आदळली तेव्हा.

ऑगस्टची दुपार होती. इस्माइलियाच्या त्या गल्लीत मी वहीत मान घालून पत्ता शोधत होते, आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली वेताची टोपली सरळ माझ्या टाळक्यात. डोळ्यांपुढे काजवे चमकले. वरून आवाज आला, "शुक्रीकाका, किलोभर टोमॅटो. कालच्यासारखे मऊ नकोत."

"मी शुक्रीकाका नाही," मी म्हटलं.

कठड्यावरून एक चेहरा डोकावला. एका गालावर दाढीचा साबण, दुसरा गाल गुळगुळीत. "ते दिसतंय," तो म्हणाला. मग घाबरून — "लागलं का?"

"टोपलीला विचारा."

"तिला सवय आहे. तुम्हाला...?" तो हसला, आणि साबणाचा एक थेंब माझ्या वहीवर पडला.

मला काय झालं कोण जाणे! मी शेजारच्या दुकानात गेले, एकेक दाबून कडक टोमॅटो निवडले आणि त्याच्या टोपलीत टाकले. कैरोत नऊ वर्षं राहिलेली बाई मी, अनोळखी माणसाला वेळ सांगतानाही चार पावलं मागे सरणारी. दोरी वर गेली तरी मी तिथेच उभी होते.

मी त्या गल्लीत आले होते घर बघायला. इस्माइलियाच्या इस्पितळात, प्रयोगशाळेत माझी बदली झाली होती. कैरोच्या फैसल भागात आमचं घर आठव्या मजल्यावर, आणि नदा, माझी सात वर्षांची मुलगी, एकदाही एकटी जिना उतरली नव्हती. रस्ता तिला खिडकीतून ठाऊक होता, तेवढाच. म्हणून मी ठरवलं होतं, घर कसंही चालेल, गल्ली चांगली हवी. जिथे पोर पाव आणायला एकटी खाली जाईल. जिथे घटस्फोट झालेल्या बाईकडे कोण येतं, कोण जातं याची नोंद कोणी ठेवणार नाही. आई सांगायची, घराआधी शेजार बघ. एकदा दुधाने तोंड पोळलेली मी, ताकही फुंकून पीत होते.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. डोक्यावर कोण राहतं ते कळायला हवं, म्हणून मी आधी वरच्यांची चौकशी सुरू केली. घर हवंय म्हटलं की भाडं चढतं, हा कैरोचा धडा, त्यामुळे फ्लॅटचं नावही काढलं नाही. किराणावाल्या शुक्रीकाकांना विचारलं, वरचा माणूस कसा आहे, रात्री उशिरा येतो का, आरडाओरडा करतो का, आईशी कसा बोलतो. काकांनी लगबगीने खुर्ची पुढे केली, माझं नाव-पत्ता विचारून घेतला. फेरीबोटीवर मेकॅनिक आहे म्हणाले, आईला विचारल्याशिवाय जेवत नाही, आणि एकदाच ओरडलेला ऐकला, तोही फुटबॉलच्या पंचावर.

इस्त्रीवाल्या फतहीकाकांनी तर त्याचा सदरा उलगडून मला कॉलर दाखवली. "बघ पोरी, मळ दिसतो का कुठे?" समोरच्या बाल्कनीतल्या बाईने आपण होऊन सांगितलं की त्याचे दात सगळे स्वतःचे आहेत.

मी थक्क झाले. फैसलमध्ये शेजाऱ्याचं नाव विचारलं तर लोक दार लावून घेतात. आणि इथे ही माया! मला वाटलं, सापडली एकदाची माझी गल्ली.

शुक्रीकाकांना सांगितल्याप्रमाणे गुरुवारी मी नदाला गल्ली दाखवायला घेऊन आले. जिन्याशीच हाजिमच्या आईने आम्हाला गाठलं आणि हाताला धरून वर नेलं. बैठकीच्या खोलीत धुतलेले पडदे, शुक्रीकाका आणि फतहीकाका इस्त्रीच्या कपड्यांत. मग ट्रे आला. ट्रेवर गुलाबी शरबताचे पेले होते.

मी ते पेले बघितले आणि पायाखालची जमीन सरकली. हे शरबत आमच्याकडे एकाच कारणाने, लग्न ठरलं की, घराबाहेर... नव्हे, कपाटाबाहेर निघतं. नेमक्या त्याच वेळी आतून हाजिम आला. ऑगस्टमध्ये लोकरी सूट, केस ओले, दोन्ही गाल गुळगुळीत.

किराणावाल्याला विचारायचं, इस्त्रीवाल्याला विचारायचं, मुलगा आईशी कसा वागतो ते विचारायचं. लग्नाआधी मुलीकडचे हेच करतात. माझ्या स्वतःच्या बहिणीच्या वेळी मीच तर हिंडले होते! हे मी विसरलेच कशी?

"मावशी," मी हाजिमच्या आईला म्हटलं. "मी... खालच्या फ्लॅटसाठी आले होते."

हाजिम तिथल्या तिथे उभा. "फ्लॅटसाठी?" तो म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या शरबताइतक्या गुलाबी झाल्या. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही धक्का बसला.

"आणि तुम्हाला माहीतही नसेल," मी एका दमात सांगून टाकलं, "माझा घटस्फोट झालाय. ही माझी मुलगी आहे."

"माहीत आहे की," मावशी शांतपणे म्हणाल्या. "चौकशी काय तुलाच करता येते? माझी भाची फैसललाच असते. तुमच्या रखवालदाराला भेटून आली."

दोन वर्षं माझा आधीचा नवरा सांगत फिरत होता, ही बाई घर धरून राहणारी नव्हे. बयूमी रखवालदाराशी तर मी सलामापलीकडे चार शब्द बोलले नव्हते. तो काय म्हणाला असेल?

"म्हणाला, हिचा आवाज कधी जिन्यात आला नाही. एकटीने आजारी पोर आठ मजले उचलून नेताना बघितलीय. आणि म्हणाला, ती गेली तर इमारतीचं नुकसान आहे."

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, थांबवता येईना. ज्या शहरात मला कोणी ओळखत नाही असं मी नऊ वर्षं समजत होते, तिथे एक माणूस बघत होता. पण शरबत मी प्यायले नाही. तसं कसं पिणार?

हाजिम आम्हाला बसथांब्यापर्यंत सोडायला आला, त्या सुटातच. घाम निथळत होता. मी म्हटलं, हा फ्लॅट आता गेला, मी जिना चढले की अख्खी गल्ली मान वर करणार.

"सोडू नका फ्लॅट," तो म्हणाला. "मी जातो. कालव्यापलीकडे बोटवाल्यांच्या खोल्या आहेत. शुक्रवारी आईला भेटायला येत जाईन. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत."

मी थांबलेच. "स्वतःचं घर सोडून? का?"

"मघाशी नदाने विचारलं, इथे खाली एकटं जाता येतं का." त्याने खांदे उडवले. "मी हो म्हणून बसलोय."

आजवर माझ्यासाठी कोणी खुर्चीही सोडली नव्हती.

आम्ही राहायला आलो. तो खरोखर गेला. दर शुक्रवारी यायचा, जिन्यात दिसला की भिंतीला चिकटून मला वाट द्यायचा आणि विचारायचा, "चौकशी संपली का?" मी म्हणायची, "चालू आहे." शुक्रवारी मी जिन्यात जरा जास्तच दिसू लागले, हे कबूल करते. बाकीचे सहा दिवस मला लांब वाटायचे.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी नदा पाव आणायला खाली गेली होती. एकटी. वरच्यांचा पावही तीच आणायची. वरून दोरी सुटली आणि रिकामी टोपली माझ्या खिडकीसमोरून खाली निघाली. मी हात घालून ती धरली. सकाळपासून झाकून ठेवलेला गुलाबी शरबताचा पेला आत ठेवला आणि दोरी दोनदा ओढली. घाईत इतक्या जोरात ओढली की अर्धं शरबत वेतात सांडलं.

टोपली वर गेली. मला वाटलं, बाई, काय करून बसलीस!

"इनास," वरून आवाज आला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "हे... अर्धंच आहे."

"उरलेलं खाली येऊन प्या," मी म्हटलं.

समोरच्या बाल्कनीतली बाई लग्नघरातल्यासारखी जीभ लववून आनंदाने किलकारली. जिन्यात धडधडत पावलं वाजू लागली. आणि खाली गल्लीतून नदा वैतागून ओरडली, "आई, टोपली परत सोडायला सांग ना, मी पाव घेऊन कधीची उभी आहे!"