सात ते आठ

भानावर आला तेव्हा उन्मेष चौगुले आपल्याच दारात उभा होता. बुटांना ओला चिखल, पोटऱ्यांत ठणका, घड्याळात पाच किलोमीटर. चालून आलेला रस्ता मात्र त्याच्याजवळ नव्हता.

कानामागे त्वचेखाली रुजवलेल्या, तांदळाएवढ्या सवयरोपाची ही किमया. ठरल्या वेळी तो मनाला निजवी आणि शरीराकडून चांगली सवय पार पाडून घेई. नकोसेपणा स्मृतीत साचतो, म्हणून तेवढा वेळ स्मृतीत उमटूच द्यायचा नाही, हे त्याचे साधे तत्त्व. दोन वर्षांत उन्मेषची तंबाखू सुटली, वजन उतरले, रोज वीस पाने वाचून होऊ लागली. त्याच्या वाट्याला उरला तो थकवा, दुसऱ्याच कुणाचे आयुष्य खांद्यावरून वाहून आणल्यासारखा.

शेवटची सवय त्याच्या बायकोने, मेधाने, सुचवली होती. सात ते आठ मुलीजवळ बसायचे, न ओरडता. केतकीची गणिताची वही त्याने रागाच्या भरात फाडली, त्यानंतरची ही गोष्ट.

त्या संध्याकाळी आठला तो भानावर आला, तो केतकीच्या टेबलाशी. चौदा वर्षांच्या मुलीचे डोळे सुजले होते आणि तिचा हात त्याच्या हातात होता.

“काय झालं गं?”

तिने हात सोडवून घेतला. “आत्ताच तर सगळं सांगितलं.”

“परत सांग ना.”

“नको. तू आधी ओरडणार, मग ऐकणार. तो नुसता ऐकतो.”

“अगं, तो म्हणजे मीच की!”

“हो का? मग सांग बघू, मी काय म्हटलं?”

तो उठून मेधाकडे गेला.

स्वयंपाकघरात मेधा पोळ्या लाटत होती. “मलाही सांगत नाही. आठवडा झाला, डबा भरलेलाच परत येतोय. शाळेचं नाव काढलं की पोरगी पांढरीफटक पडते.” लाटणे थांबले. “चांगला बाप आणला रे आपण घरात. पण त्याला विचारायचं कुणी आणि कसं?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो सवयकेंद्रात गेला. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी पडद्यावरच्या सपाट रेषेवर बोट ठेवले. “तो तास कुठेच साठत नाही, साहेब. साठला असता, तर कंटाळाही साठला असता.”

“मग बंद करा. आज सातला मीच बसेन.”

“करते. पण सवय तुम्हाला लागलेली नाही हं. ती रोपालाच होती.”

सात वाजले. दिवसभराचा शीण पाठीच्या कण्यात दगडासारखा बसला होता. केतकीने वही उघडली, बंद केली. शब्द तिच्या ओठांपर्यंत आला असावा. इतक्यात तिचे पेन घरंगळून खाली पडले आणि उन्मेषच्या कपाळावर, त्याच्याही नकळत, एक बारीक आठी उमटली.

तिने मान वर करून त्याच्याकडे निरखून पाहिले.

“बाबा,” तिने अगदी हळू विचारले, “आज तो आला नाही का?”

पेन उचलायला तो वाकला आणि तसाच वाकून राहिला. आला नाही म्हणावे, तर ती आताच उठून जाईल. आलाय म्हणावे, तर वर येताना चेहरा तिच्या ओळखीचा हवा; आणि मुलीने रोज पाहिलेला आपला तो चेहरा, जो आपण स्वतः एकदाही पाहिला नाही, तो आणायचा कुठून?