मिठाच्या बरणीवरची तबकडी

शुक्रवारी सकाळी डॅडी अंगणात दाढी करत होते. आरसा झाडाला टांगलेला, गालांवर साबण, तोंड मिटलेलं, आणि घशात कुठेतरी एक गाणं घोळत होतं. मी पायरीवर बसून मुलांचे निबंध तपासत होते.

"उद्या बफर्डच्या अड्ड्यावर गिटार वाजवतोय," ते म्हणाले. "येतेस?"

"निबंध आहेत, डॅडी."

"तुझ्या शाळेतली पोरं फार लिहितात बुवा."

"तुमच्यासारखं गाऊन मोकळं होता येत नाही त्यांना."

ते हसले. वस्तरा पाण्यात झटकला आणि म्हणाले, "काहीतरी खाऊन घे, व्हर्लीन." आमच्या घरात माया एवढ्याच शब्दांत बोलली जायची.

शनिवारी सकाळी आरसा झाडाला लागला नाही. मी सात वाजता दार वाजवलं, मग साडेसातला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. बफर्डच्या अड्ड्यावर त्या संध्याकाळी कुणी वाजवलं नाही.

इझेल टार्पली हे नाव आमच्या गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. विसाव्या वर्षी ते गिटार घेऊन मेंफिसला गेले होते. उत्तरेकडच्या एका कंपनीने तिथे हॉटेलच्या खोलीत गाणी कोरायचं यंत्र मांडलं होतं आणि नदीकाठच्या आमच्या डेल्टातल्या ब्लूज, म्हणजे दुःखाची गाणी, गाणाऱ्यांना एकेक करून आत बोलावत होते. डॅडी दोन गाणी गाऊन परतले. त्यांची ग्रामोफोनची तबकडी निघाली, थोडी खपली, आणि वर्षभरात कंपनीच बुडाली. नंतर चाळीस वर्षं ते कापसाच्या गिरणीत राबले आणि शनिवारी संध्याकाळी बफर्डकडे गायले. आई लवकर गेली, मला आत्याने वाढवलं. आत्याच्या घरात गाणं म्हणजे देवाचं. बाकी सगळं सैतानाचं. मी पुढे पुस्तकं वाचली, शाळेत शिकवायला लागले. सैतानावरचा विश्वास उडाला, पण बफर्डच्या दारात पाऊल टाकायचा संकोच काही गेला नाही.

दफनानंतर घर गावातल्या बायकांनी आणलेल्या भांड्यांनी भरलं होतं. तळलेली कोंबडी, मॅकरोनी, पीचचं गोड, शलगमाचा पाला... प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर ते आणणाऱ्या बाईचं नाव. भांडं रिकामं परत करायचं नसतं. दुःखाच्या घराला सूट असते, पण मला ती नको होती. रोज शाळेतून आल्यावर मी बिस्किटं भाजायची आणि एकेक भांडं पोचतं करायची.

गावातल्या म्हाताऱ्या मिस ओडेसाच्या ओसरीवर पोचले तेव्हा सप्टेंबरातली सर कोसळत होती. आत पाहुणा होता. बाह्या दुमडलेल्या, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं, हातात मिस ओडेसाच्या केकचा तुकडा.

"ये गं," मिस ओडेसा म्हणाली. "हा अल्टन किट्रेल. मेंफिसहून आलाय. घरोघर जुन्या तबकड्या मागत फिरतोय. मी म्हटलं, बाळा, इथे फक्त जुनी माणसं आहेत."

"जुनी माणसंही चालतील," तो म्हणाला. "फक्त ओरखडे नकोत."

"मग माझ्याकडे बघू नकोस," मिस ओडेसा म्हणाली.

मला हसू आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. त्याने ते पाहिलं आणि चटकन नजर केककडे वळवली.

"मी खरं तर एकाच माणसाला शोधतोय," तो म्हणाला. "इझेल टार्पली. एका जुन्या यादीत नाव आहे. तबकडी मात्र कुणीच पाहिलेली नाही."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. मिस ओडेसाने माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं.

"दोन आठवडे उशीर झाला तुम्हाला," मी म्हणाले. "मी त्यांची मुलगी."

तो उठून उभा राहिला. खोकं पडलं, ते त्याने तसंच राहू दिलं. "मला... माफ करा, मिस टार्पली. मला वाटलं, त्यांना भेटता येईल." मग हळूच, "ते गायचे कसे?"

"ठाऊक नाही. मी कधी ऐकलं नाही."

"स्वतःच्या वडिलांना?"

"मला निबंध तपासायचे असतात."

पाऊस थांबेपर्यंत आम्ही तिघं सरळ समोर बघत बसलो. जाताना त्याने विचारलं, "अजून किती भांडी परत करायचीत?"

"का?"

"माझ्याकडे गाडी आहे. आणि प्रत्येक भांड्यामागे एक घर आहे. मला घरंच हवीत."

त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बुधवारी दुपारी बंद असायचं. रविवारी तो तासभर एका लहानशा रेडिओ केंद्रावरून जुनी गाणी ऐकवायचा. त्या शरदात तो दर बुधवारी येत राहिला. मी भांडं मांडीवर धरून बसायची, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, आणि तो गाडी इतकी सावकाश हाकायचा की मागचे ट्रॅक्टर भोंगे वाजवायचे.

"बैलगाडी आहे का ही?" मी विचारायची.

"तुमची बिस्किटं सांडतील म्हणून जपून चालवतो."

"गेल्या बुधवारी त्यातली तीन गायब झाली होती."

"ती सांडली नाहीत. ती सुरक्षित आहेत."

एकदा भांडं त्याच्या हातात देताना बोटाला बोट लागलं. भांडं गरम होतं, तरी दोघांनीही ते सोडलं नाही. दारातल्या बाईने विचारलं, "आत येणार आहात, की असंच उभं राहणार?" अल्टनचे कान तांबूस झाले. मी बुडाच्या पट्टीवरचं नाव पुन्हापुन्हा वाचत राहिले.

तबकडी कुठेच मिळाली नाही. तुटलेल्या मिळाल्या, दुसऱ्यांच्या मिळाल्या. कुणी म्हणालं, पोरांनी नेमबाजी करून फोडली. दर घरी तो हसून आभार मानायचा. गाडीत बसल्यावर मात्र तो गप्प असायचा. मला कळायचं, त्याला स्वतःपेक्षा माझं वाईट वाटतंय.

नोव्हेंबरात मिस ओडेसा मांस खारवत होती. मी मदतीला गेले होते, अल्टन मला न्यायला आला होता.

"मीठ आण गं," तिने सांगितलं. "फडताळात, खालची बरणी."

बरणी दगडी, जड. तोंडावर काळं, गोल, सपाट झाकण. मधल्या भोकात चिंधीचा बोळा. मी झाकण उचललं आणि उजेडात धरलं. त्यावर रेघा होत्या. बारीक, गोल गोल... मध्ये विटका निळा कागद. मीठ फुंकलं तेव्हा अक्षरं दिसली.

"अल्टन," मी म्हणाले. पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं, तेही मला नंतर आठवलं.

तो आला, त्याने वाचलं, आणि भिंतीला टेकला.

"मिस ओडेसा," तो म्हणाला, "मी तुम्हाला सप्टेंबरात विचारलं होतं."

"तू तबकड्या विचारल्यास. हे झाकण आहे." तिने हात पुसले आणि जवळ येऊन पाहिलं. "हो की. इझेलनेच दिली होती. मेंफिसहून आला तेव्हा, गावात एकेकाला देत सुटला होता. माझ्याकडे वाजवायला यंत्र कुठलं? पण बरणीला अगदी बरोबर बसली." मग तिचा आवाज उतरला. "त्याने कधी विचारलं नाही गं. विचारलं असतं तर लाज वाटली असती मला."

"मिठानेच वाचवली ही," अल्टन म्हणाला. "कोरडी राहिली."

"मग घेऊन जा. मला एक ताटली आणून दे त्या जागी."

आम्ही घरी आलो. दुपारचं ऊन टेबलावर तिरकं पडलं होतं. अल्टनने गाडीतून आपलं यंत्र आणलं, मऊ फडक्याने तबकडी पुसली. पुसताना तिच्याशी बोलत होता, जनावराला गोंजारताना बोलतात तसं. मग सुई ठेवली.

खरखर. गिटार. आणि एक आवाज... पातळ, घाईतला, कुणी मागे लागल्यासारखा.

मी अर्ध्यातच म्हणाले, "हे डॅडी नाहीत."

अल्टनने सुई उचलली. "नाव त्यांचंच आहे, व्हर्लीन. वीस वर्षांचे होते ते."

"असू देत. हा माणूस पळतोय. डॅडी कधी कशासाठी पळाले नाहीत. खालच्या सुरावर ते टेकायचे, खुर्चीत टेकावं तसं. हा नुसता शिवून जातोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही तर त्यांना कधी ऐकलंच नाही ना?"

"दाढी करताना... घशातल्या घशात..." मी म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

त्याने वाकून यंत्राची थाळी हाताने फिरवून पाहिली. मग सावकाश म्हणाला, "एक होऊ शकतं. त्या हॉटेलात ज्या यंत्रावर गाणं कोरलं, ते त्या दिवशी संथ फिरत असेल. संथ कोरलेलं आपण नेहमीच्या वेगाने वाजवतोय. म्हणून ते पळतात." त्याने सुई पुन्हा ठेवली. "फिरत्या थाळीच्या कडेला बोट लावा. हलकंच. ती मंदावेल."

"तुम्ही लावा. तुमचं रोजचं काम आहे."

"मला लावता येईल. पण कुठे थांबायचं ते मला कळणार नाही."

मी बोट ठेवलं. थाळी थरथरली, आवाज वाकडातिकडा झाला. त्याचा हात माझ्या हातावर आला, दाबायला नव्हे, नुसता धीर द्यायला. मी अगदी थोडं दाबलं. आवाज उतरला. आणखी थोडं. गिटारची तार सैल, जड झाली, शब्दांच्या मध्ये श्वास ऐकू यायला लागला... आणि मग ते आले. खालच्या सुराशी आले आणि टेकले.

आम्ही हललो नाही. तीन मिनिटं माझे वडील माझ्या स्वयंपाकघरात होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

गाणं संपल्यावर अल्टनने हात काढून घेतला. फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं.

"तुम्ही म्हणाल तर हे रेडिओवर लावेन," तो म्हणाला. "नाही म्हणालात तर तुमच्याकडेच राहील." मग फडक्याकडे बघत, "आता परत करायला भांडीही उरली नाहीत. पुढच्या बुधवारी यायला काय कारण सांगावं, तेच कळत नाही."

नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. शाळा आहे, काम आहे, बघू. त्याने टोपी उचलली.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "मी ऐकलंय त्यांना."

तो थांबला.

"तीन वर्षांमागे, शनिवारी. आत्या वारली त्या वसंतात. चर्चच्या चपला घालून बफर्डकडे गेले आणि बाहेर उभी राहिले, खिडकीखाली, चिखलात. हेच गाणं होतं. आतले लोक म्हणत होते, सावकाश, इझेल, आम्हाला कुठे जायचंय? शेवटपर्यंत उभी होते. मग घरी येऊन चपला धुतल्या. ते परतले, विचारलं, काय केलंस आज? मी म्हणाले, निबंध." माझा आवाज नीट होता, मला स्वतःलाच नवल वाटलं. "मी कधी ऐकलंच नाही असं समजून गेले ते, अल्टन. एवढं एक वाक्य सांगायचं होतं. तीन वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर दाढी करत होते."

अल्टनने टोपी टेबलावर ठेवली. सुई उचलून तबकडीच्या सुरुवातीला आणली आणि थाळीपासून बाजूला झाला.

"आता सांगा त्यांना," तो म्हणाला.

मी कडेला बोट लावलं. या वेळी जागा लगेच सापडली.

"डॅडी, मी आले होते," मी मोठ्याने म्हणाले. "खिडकीबाहेर होते. सगळं ऐकलं. फार सुंदर गायलात."

ते गात राहिले. मी त्यांना घाई केली नाही. सुई शेवटच्या रेघेत जाऊन नुसती खरखरू लागली, तेव्हा अल्टन ती उचलायला पुढे झुकला, आणि मी त्याची बाही धरली.

"थांब," मी म्हणाले. "अजून एक सांगायचं आहे. तू आवडतोस मला. बुधवारी येतोस म्हणून नाही. तू आवडतोस."