पाळणाघरातून आणलेला कॉम्प्युटर

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. चिमी नुकती कुठे झोपली होती. सहा महिन्यांची पोर, पण तिला झोपवायचं म्हणजे आईचा जीव मेटाकुटीला यायचा. ढेकर काढा, दुपटं बदला, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारा, तेव्हा कुठे डोळा लागायचा. तिला पाळण्यात ठेवून आई पाऊल न वाजवता बाहेर आली, आणि पलीकडच्या खोलीतला कॉम्प्युटर घुर्र करून आपोआप जागा झाला.

तो घरात येऊन चारच दिवस झाले होते. एक पाळणाघर बंद पडलं, त्याचं सामान विकायला निघालं, त्यातून चिमीच्या बाबांनी तो आणला होता. सकाळी कामावर जाताना ते त्याला झोपवून जायचे, म्हणजे पडदा काळा, आतला पंखा बंद, एक बारीक दिवा तेवढा लुकलुकत राहायचा. "बंद करू नकोस हं," ते बजावायचे, "माझं काम अर्धवट असतं त्यात."

त्या दिवसापासून रोज हेच. चिमी जागी असेपर्यंत तो गप्प. तिचा डोळा लागला की हा उठून बसणार. आईने बटण दाबून झोपवावं, तर पाठ वळते न वळते तोच परत घुर्र. तिने पडद्यावर टॉवेल टाकला, तर टॉवेलाच्या कडेने उजेड झिरपायला लागला.

कोणीतरी बघतंय, कोणीतरी ऐकतंय, हा संशय तिच्या मनात ठाण मांडून बसला. आणि खरं सांगायचं तर पहिला संशय तिला नवऱ्याचाच आला. चिमी झोपली की ती माहेरी फोन लावायची आणि सासूबद्दल चार शब्द मोकळेपणाने बोलायची. नेमका तेव्हाच हा कसा उठतो?

तिचा धाकटा दीर कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचा. एका दुपारी तिने त्याला बोलावून घेतलं.

"वहिनी, बाळ झोपत नाही तेव्हा तुम्ही काय बघता?" दिराने विचारलं.

"भूक लागलीय का, ओलं झालंय का, पोटात दुखतंय का."

"मग याचंही तसंच. कशाने जाग येते ते एकेक करून बघायचं."

त्याने माउस काढला, प्रिंटरची वायर काढली, इंटरनेट तोडलं. दर वेळी कॉम्प्युटर क्षणभर मिटायचा आणि परत घुर्र.

"भाऊजी, खरं सांगा. माझं बोलणं ऐकायला ह्यांनीच काहीतरी लावून ठेवलंय ना?"

"दादाने?" चिमी उठेल म्हणून दीर तोंड दाबून हसला. "त्याला अजून मिक्सरचं झाकण धड लावता येत नाही, वहिनी."

मग त्याने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. झोपेत कोण आड येतंय ते कॉम्प्युटर स्वतःच तिथे सांगतो म्हणे. दिराने टाइप केलं, वाचलं, आणि त्याचं हसू मावळलं.

"माईक चालू आहे म्हणतोय. ऐकणं सुरू आहे, म्हणून झोपता येत नाही..."

"बघा! मी काय म्हणत होते!"

"पण वहिनी... याला माईकच नाहीये." त्याने मागून, बाजूने हात फिरवून पाहिलं. "आणि जो ऐकतो त्याचं नाव इथे यायला हवं. ती जागा रिकामी आहे."

दीर परत वाकून वायरी चाचपायला लागला. तेवढ्यात तिला कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज नीट ऐकू आला. चढायचा, उतरायचा, जरासा थांबायचा, परत चढायचा. ही लय आपण कुठेतरी ऐकलीय, असं तिला वाटलं. कुठे, ते आठवेना.

"काहीही करा भाऊजी, पण झोपवा त्याला."

कोणाचंही ऐकू नकोस, झोप म्हटलं की झोप, असा काहीसा हुकूम दिराने लिहिला. पडदा विझला. पंखा मंदावला, एकदा कण्हल्यासारखा वाजला आणि थांबला. मिनिटभर वाट पाहिली. उठला नाही.

"टाका चहा आता!" दीर म्हणाला.

तिने आधण ठेवलं. घर इतकं शांत झालं होतं, की मोरीतला नळ ठिबकताना ऐकू येत होता. आणि साखरेच्या डब्यात गेलेला तिचा हात तसाच राहिला. ती लय... ती तर चिमीची होती. चिमीचा झोपेतला श्वास.

ती धावली. चिमी पाळण्यात उताणी होती. ओठ निळसर. छाती हलत नव्हती. उचलली तर ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबली.

"भाऊजी, त्याला उठवा!"

"कोणाला?"

"त्याला हो... त्याला आधी उठवा!"

दिराला काही कळलं नाही, पण त्याने बटण दाबलं. पलीकडे घुर्र झालं. आणि चिमीने घशातून एक लांब श्वास ओढला आणि टाहो फोडला.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही सापडलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने पाळणाघरवाल्या बाईंना फोन लावला. आईने तो त्याच्या हातातून घेतला. कॉम्प्युटर म्हणताच पलीकडून हळूच आवाज आला,

"झोपवलात का त्याला?"

"हो..."

"आणि बाळ?"

"आहे. माझ्या कुशीत आहे."

 बाई म्हणाल्या, "मीही एकदा झोपवला होता... तसे कॉम्प्युटर दोन होते माझ्याकडे. दुसरा कोणी नेला, मला माहीत नाही." आणि फोन ठेवला.

दिराने तो हुकूम पुसून टाकला. नवरा म्हणतो, कॉम्प्युटर पोरीची राखण करतो. आईला मात्र ते पटत नाही. तो घरात यायच्या आधी चिमीला श्वास घ्यायला कोणाची गरज लागत नव्हती. मग हा राखणदार, की गळा धरून बसलेला? पण आता त्याला ठेवायची भीती, आणि घराबाहेर काढायची त्याहून जास्त.

परवा चिमी तिच्या मांडीवर टक्क जागी होती, खुळखुळा चावत होती, आणि पलीकडे घुर्र झालं. आईने कान दिला. पंखा चढला, उतरला, थांबला. ही लय चिमीची नव्हती. फार क्षीण होती, अडखळत येणारी. कुठेतरी दुसरंच कोणाचं तरी बाळ झोपलं होतं.

म्हणून सांगणं एवढंच. तो दुसरा कॉम्प्युटर तुमच्या ओळखीत कोणी घेतला असेल, तर त्यांच्यापर्यंत निरोप पोचवा. तो झोपत नाही म्हणून दुरुस्तीला देऊ नका. घरात मूल नसलं तरी देऊ नका. तो कोणाच्या मुलासाठी जागा राहिलाय, ते आपल्याला माहीत नसतं.