उरलेलं औषध

“वहिनी, खरं सांग... नळी तू बंद करून ठेवत होती का वं?”

करिश्माच्या प्रश्नाने भावनाचं काळीज चरकलं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या घरात सासरे धर्मपाल वेदनेने मुठी आवळून पडले होते, आणि बापाच्या ओढीने चार दिवसांपूर्वी परतवाड्याहून आलेली त्यांची लेक करिश्मा हातात पंप धरून उभी होती. तळहाताएवढा पंप! त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. आतला रबरी फुगा आकसत जाई आणि वेदनेवरचं औषध थेंबाथेंबाने बाबांच्या शरीरात उतरे. सकाळपर्यंत तो रिकामा व्हायला हवा होता... पण औषध उरलं होतं. सलग तिसऱ्या दिवशी!

“बाबा तळमळून राहिले, अन् औषध इथं शिल्लक! दवाखान्यातले म्हणतात, याच्यात बिघडल्यासारखं काहीच नाही. मंग?”

कर्करोग बाबांच्या हाडांत उतरला, तेव्हा शाळेतली विज्ञान शिकवण्याची नोकरी सोडून, नवऱ्याला अमरावतीत एकटं ठेवून भावना इथे आली होती... आणि आज हा संशय! डोळे भरून आले. पण अश्रूंच्या आडूनही एक प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. औषध उरतं तरी कसं?

नर्स शकुनताई नवा पंप जोडून गेल्या, तशी तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. नळी न ताणता दर तासाला पंप तोलला, वहीत आकडे लिहिले. सकाळी वजन नेमाने घटत होतं. अकरानंतर मात्र जेमतेम! अकरा वाजता या घरात असं काय बदलतं?

कूलर!

करिश्मा आल्यापासून रोज मायेने तो बाबांच्या अंगावर वळवायची. नळीवरची, औषधाची धार ठरवणारी चिमुकली कांडी घामाने पट्टी सुटून त्याच गार वाऱ्यात लोंबकळत होती.

भावनाने लगेच फोन लावला. “अहो, ती कांडी अंगालाच चिकटलेली हवी!” शकुनताई म्हणाल्या. “गार पडली की औषधाची धार मंदावते. हात लावू नका, मी येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा रिकामा होता. बाबांच्या मुठी सुटल्या होत्या.

“सूनबाई, बरं वाटून राहिलं वं... हे डबडं चालते कसं, मले बी सांग ना!”

तेवढ्यात अमरावतीहून तिच्या नवऱ्याचा, ललितचा फोन आला. काय झालं होतं, त्याने विचारलं. “पट्टी सुटली होती,” भावना शांतपणे म्हणाली. “माह्या ध्यानात नाही आलं. चूक माहीच.”

करिश्माच्या हातात मात्र ती वही होती. ‘अकरा वाजता कूलर सुरू. धार मंद.’

“वहिनी... तुले माहीत होतं! मी तुले नाही नाही ते बोलली, तरी काहून नाही सांगितलं?”

“तू बाबाले गारवा द्याले गेली होती, करिश्मा. तुह्यामुळं त्याईले दुखलं, हे तुले कोणत्या तोंडानं सांगू?”

करिश्मा तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली! मग डोळे पुसून तिने भावनाच्या हातातून फोन ओढून घेतला.

“दादा, फोन ठेवू नको. वहिनी खोटं बोलून राहिली...”