साळूबाईंची कोळिष्टकं

“राहे! अगो राहे! पुन्हा जाळी लोंबतायत! माझा येसाजी मुंबईला गिरणीत राबतो, नि हितं सुनेला घर झाडायला होत नाय!”

राहीबाईने बांबूला केरसुणी बांधली. सकाळपासूनची तिसरी खेप! आढं, वासे, कोनाडे सारं झाडून झालं. कुठं एक तंतू नाही... तरी सासूबाईंच्या तोंडून आळशी, गबाळी, बेपर्वा असे बोल सुटतच होते, आणि तिच्या निरपराध हृदयात एकेक काट्यासारखे रुतत होते.

मग एके दिवशी, लख्ख उन्हात, उघड्या खळ्यात उभ्या साळूबाई तोंडापुढं हात झाडत ओरडल्या, “हितंसुदा! हितंसुदा जाळं!”

वर तर नुसतं निळं आभाळ होतं! राहीबाईचा राग कुठल्या कुठं विरला. जाळी घरात नव्हतीच, सासूच्या डोळ्यांत होती! दुसऱ्याच दिवशी तिने सासूला पोलादपुराहून एस.टी.त बसवून महाडला नेलं.

डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. ती विटकरी लाल झाली, म्हणजे साखर भरपूर. डोळ्यांत थेंब घालून, बाहुल्या मोठ्या झाल्यावर त्यांनी बारीक दिव्याने आत पाहिलं.

“आजी, तुम्हाला मधुमेह आहे, बरीच वर्षं असणार. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. साखरेनं त्या झिजल्यात, रक्त पाझरलंय. तेच तुम्हाला लोंबताना दिसतं.”

“म्हंजे... घर स्वच्छ व्हतं?” साळूबाई पुटपुटल्या.

“घराचं मला ठाऊक नाही, डोळे मात्र जपा. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण उरलेलं राखता येईल. रोज सकाळसंध्याकाळ इन्शुलिनची सुई, भात वाटीभर, बाकी नाचणीची भाकरी, गूळ बंद. आणि दर सहा महिन्यांनी पडदा दाखवायचा. नीट दिसत असलं तरी! या रोगात डोळा दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो.”

राहीबाई काचेची पिचकारी नि सुई उकळायला शिकली, टोचायला शिकली. औषधाची बाटली ओल्या वाळूत, माठाशेजारी गारव्याला ठेवू लागली. चूक कळूनही साळूबाईंचा ताठा मोडेना. शेजारणीपाशी म्हणायच्या, “भातखाऊ घरात मला नाचणी घालते, वर सुया टोचते!” राहीबाई ऐकायची... आणि आपल्याही ताटात भाकरीच वाढून घ्यायची.

अशात कशेडी घाटाखालच्या माहेराहून राहीबाईचा कुशाबामामा आला. तिच्या धाकट्या भावाचं, रावजीचं लग्न ठरलं होतं!

“मामा, माझं जमायचं नाय,” राहीबाई दाराआड हळूच म्हणाली. “आत्याबायना सकाळसंध्याकाळ सुई लागते. दुसऱ्या कुणाला जमत नाय. रावजीला सांग, ताईनं हितूनच अक्षता टाकल्या...” पुढचे शब्द हुंदक्यात विरघळले.

ओटीवर साळूबाई नाचणी पाखडत होत्या. सूप हातातच थांबलं. पाठच्या भावाची हळद, आणि ही सोडतेय? कुणासाठी? माझ्यासाठी!

“कुशाबा, थांब रे!” त्या कडाडल्या. “ही येते. सुई घेऊन येते, बाटली घेऊन येते, नि मलापण घेऊन येते! मी काय दगडाची हाय?”

“आत्याबाय!”

“रडतेस काय गो? लुगडं काढ माझं, ते हिरवं!”

लग्नघरी सकाळी हळदीचं जातं मांडलं. आईच्या, भावाच्या, माहेराच्या ओव्या झाल्या. मग साळूबाईंनी सुनेसमोर बसून खुंटा धरला, आणि सूर लावला...

“हळद दळीते, खुंट्याला माझा हात,
सुनेनं जपली माझ्या डोळ्यांतली वात!”

बायका चकित झाल्या. “अगो साळूबाय, सासू सुनेची ओवी गाते? कुठल्या मुलखातली तू?”

“गाणार! अजून धा गाणार!” साळूबाईंचे डोळे भरून वाहिले. “राहे, मी लय बोलले गो तुला...”

राहीबाईने सासूचे हळदीने माखलेले हात घट्ट धरले, आणि एकदम तिला काहीतरी आठवलं.

“आत्याबाय, उठा! सुई देऊन अर्धा तास झाला, आधी भाकरी खा! नायतर चक्कर येऊन हळदीतच पडाल!”

“बघा गो बायांनो, बघा!” साळूबाई पदराने डोळे टिपत, हसत हसत उठल्या. “ओवीसुदा पुरी करू देत नाय!”